सोळा पाचरींचा पेटारा

एक पेटारा बोलतोय म्हटल्यावर दचकू नका. आजवर लोक माझ्या डोक्यावर बसून बोलत आले आणि मी निमूट ऐकत आलो. आता थोडा वेळ तुम्ही ऐका. डोक्यावर नको, समोर बसा.

मी सहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि तीन फूट उंच. ही मापं मला तोंडपाठ आहेत, कारण गेल्या वर्षी आमच्या घरच्या परेशनं टेप लावून ती अकरा वेळा घेतली. दर वेळी तेवढीच भरली. दर वेळी तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी मुद्दाम अंग फुगवून बसलोय.

जन्माचं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. तुम्हालाही तुमचा जन्म आठवत नाही, पण तुम्हाला सांगणारं कुणीतरी असतं. मला सांगणारे बरेच होते आणि प्रत्येकाचं सांगणं निराळं. परेशचे आजोबा शांताराम पाहुण्यांना सांगत, की वसईच्या किल्ल्यातल्या कुणा फिरंगी साहेबानं विड्याच्या पानांच्या बदल्यात हा पेटारा आपल्या पूर्वजांना दिला. कुठल्या साली, असं कुणी विचारलं की ते पान लावायला घेत. त्यांचा मुलगा, म्हणजे परेशचा बाप दिवाकर, म्हणायचा, तसलं काही नाही, कळंबच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, त्यातून हा वाहत आला. आणि परेशनं लग्नानंतर आपल्या बायकोला, विनिताला, सरळच सांगून टाकलं, "काही नाही गं, कुठल्यातरी लिलावात घेतला असेल."

ज्या दिवशी जी गोष्ट सांगितली जाई, त्या दिवशी मला ती खरी वाटायची. माझी स्वतःची पहिली आठवण एवढीच, की सगळं अंग हेलकावे खात होतं. ते गलबत होतं की बैलगाडी, देव जाणे. त्याच्या मागे गेलं की नुसता काळोख.

आपण कुठले हे ठाऊक नसलं की जिथं ठेवलं तिथलंच व्हावं लागतं. मी शांतारामच्या वाडीचा झालो. विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्याला ती वाडी होती. पानवेली होत्या, विहीर होती आणि केळी होत्या. राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात टाकायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा टाकायची. आठेक दिवसांत ती तांबूस, चिकट, गोड होत. मग ती सुकेळी वाळल्या पानांत गुंडाळून, केळीच्या सोपटाच्या धाग्यानं बांधून, त्यांच्या पुड्या माझ्या पोटात रचायच्या. तो वास माझ्या लाकडात इतका मुरला की अजूनही हवा दमट झाली की सुटतो.

आता मी तीन फूट खोल. वरून वाकलं तर हात तळाला पोचत नाही. म्हणून त्या घरात एक रीत पडली होती. नवी सून आली की पहिल्या हंगामात तिनं माझ्यात उतरायचं आणि सुकेळीचा तळाचा थर स्वतःच्या हातानं लावायचा. सून पेटाऱ्यात उतरली की ती घरची झाली. तोवर ती पाहुणी.

विमला उतरली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दिवाकरशी लग्न होऊन दोन महिने झाले होते. अंगानं काडी, पण पदर खोचून टुणकन आत आली. अर्धा थर लावून झाला असेल नसेल, बाहेर कुणाचा तरी धक्का लागला आणि माझं झाकण धाडकन पडलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार. ती किंचाळली नाही. अंधारात तळाशी बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडू लागली. आवाज न करता, पोटभर. त्या घरात अकरा माणसं होती, चुलीपासून विहिरीपर्यंत सगळीकडे कुणी ना कुणी असायचंच. दोन महिने तिला रडायला कोपरा मिळाला नव्हता, तो माझ्या पोटात सापडला.

झाकण दिवाकरनं उचललं. तिचं तोंड बघून विचारलं, "अंधारात घाबरलीस?"

"नाही. केळ्यांचा वास डोळ्यांत गेला."

दिवाकर जरा विचारात पडला. मग म्हणाला, "असा वास परत डोळ्यांत गेला तर मला सांग. मी बाहेर झाकण धरून उभा राहीन."

आणि खरंच राहिला हो! पुढं चार-पाच वेळा विमला काहीबाही ठेवायच्या निमित्तानं आत उतरली आणि हा बाहेर राखण करत उभा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झाकण जड आहे, हात अडकेल तिचा." मी पुष्कळ नवरे पाहिले नाहीत, दोन-तीनच पाहिले. त्यांत हा मला आवडला.

त्या घरानं माझ्यावर जीव लावला, यात शंका नाही. दर दसऱ्याला कोयते-कुदळींबरोबर मलाही पुसायचे, खोबरेल चोळायचे, झेंडूची माळ घालायचे. कुठे बारीकशी फट दिसली की शांताराम त्यात मेण भरत. दिवाकरच्या हाती कारभार आला तेव्हा त्यानं पुट्टी भरली आणि वरून तांबडा रंग दिला. परेशच्या लग्नात तर दाराच्या रंगाशी जुळावं म्हणून चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात मारले. "पेटारा कसा अखंड दिसतो बघा," असं कुणी म्हटलं की घरातल्या सगळ्यांची छाती फुगायची. मीसुद्धा फुगायचो. त्या कौतुकानंच मी अडकलो, हे मला फार उशिरा कळलं.

परेशचं लग्न व्हायच्या आधीच वाडी गेली होती. एक बिल्डर आला, वाडीच्या जागी इमारत उभी राहू लागली आणि बदल्यात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळायचं ठरलं. दिवाकरनं जिना पाहिला, दार पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की दारातून मी जाणार नाही. दार अडीच फुटांचं. तो रोज सकाळी गवंड्याकडे जाऊन उभा राहायचा, "गॅलरीची भिंत इतक्यात बांधू नको रे बाबा." शेवटी विटा चढवायच्या कप्पीला मला दोरखंडानं बांधलं आणि सहा गड्यांनी ओढून वर घेतलं. खाली सगळी आळी बघायला जमली होती. मी हवेत गोल फिरत होतो आणि विमला खालून ओरडत होती, "सांभाळून! सांभाळून!" विहीर तेव्हा अर्धी बुजवली होती. वरून तेवढी दिसली.

मी आत ठेवला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी गवंड्यानं भिंत बांधून टाकली. मला आत कसं आणायचं याचा विचार सगळ्यांनी केला होता. बाहेर कसं काढायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. घर म्हणजे कायमचंच, असं त्यांना वाटलं.

पुढच्या तीस वर्षांत गॅलरीला ग्रिल लागली, मग गॅलरी हॉलमध्ये घेतली, मग समोर दुसरी इमारत आली. इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या विनिता आपल्या समजून मोजायची. माझ्या झाकणावर टीव्ही बसला, शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. झाकण उघडायचं तर आधी टीव्ही उतरवा, म्हणून उघडणंच बंद झालं. विनितालाही लग्नानंतर रीतीप्रमाणे माझ्यात उतरवलं होतं, पण बाजारातून आणलेल्या सुकेळीच्या दोन पुड्या घेऊन, खाली वर्तमानपत्र अंथरून. ती हसत उतरली, हसत वर आली. मला तिचा राग नाही. तिला रडायला बाथरूम होतं.

दिवाकर गेला. विमलाचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. आधी ती दिवसातून एकदा खाली जायची, मग आठवड्यातून, मग फक्त दवाखान्यासाठी. एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय सटकला आणि त्यानंतर ती उतरलीच नाही. खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. समोर दुसऱ्यांची बंद खिडकी. दुपारी घरात कुणी नसलं की एक हात माझ्यावर ठेवून म्हणायची, "आपण दोघं आता इथलेच रे." मला त्यात बरंही वाटायचं आणि जीवही गुदमरायचा.

गेल्या वर्षी स्वयंपाकघरात सिमेंटचा मोठा पोपडा पडला, थेट ओट्यावर. इमारत धोकादायक ठरली. सोसायटीत सभा झाल्या, रिडेव्हलपमेंट ठरलं, एकतीस तारखेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. परेशनं पलीकडच्या रस्त्याला भाड्यानं फ्लॅट घेतला. तेव्हाच त्यानं टेप काढला आणि ती अकरा मापं घेतली. उभा करून, आडवा करून, तिरका करून. जिन्यातून नाही. खिडकीबाहेर कप्पी बांधायला समोरच्या इमारतीनं जागा ठेवली नव्हती. शिवाय इंजिनिअर बजावून गेला होता, की माणसं राहतायत तोवर एकाही भिंतीला हात लावायचा नाही.

"आई, कापावाच लागेल," परेश म्हणाला. "चांगलं लाकूड आहे. त्याची टीपॉय करू, तुझ्यासाठी छोटी पेटी करू. फेकत थोडीच आहोत?"

दुसऱ्या दिवशी विमलानं टीव्ही उतरवायला लावला आणि स्वतः माझ्यावर येऊन बसली.

"मी नाही येत. तुम्ही जा."

"आई, प्लीज. स्लॅब पडतोय. डोक्यात पडला म्हणजे?"

"पडू दे."

"आजी, तो फक्त एक बॉक्स आहे," नात आर्या म्हणाली. ती कॉलेजात जाते. वाईट मनानं नाही म्हणाली. "आणि कुठून आला तेसुद्धा आपल्याला माहीत नाही. मी नेटवर फोटो टाकला होता, कोणी काही सांगू शकलं नाही."

"मीसुद्धा दुसरीकडूनच आले या घरात," विमला म्हणाली. "मलाही कापाल?"

परेशचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नाही, हे मी शपथेवर सांगेन. लहानपणी ताप आला की तो माझ्यावरच झोपायचा. पण रोज ऑफिस, संध्याकाळी सामानाची बांधाबांध, वर आईचा हट्ट, तो पार पिचून गेला होता. रागानं म्हणाला, "रविवारी मिस्त्री येतोय. बस."

रविवारपर्यंतचे चार दिवस विमला माझ्यावरच बसून जेवली. विनितानं ताट तिथंच आणून दिलं आणि एकदा हळूच म्हणाली, "आई, मला पण नाही आवडत हे. पण तुम्हाला इथं ठेवून आम्ही जाऊ कसे?" विमलानं तिच्या हातावर हात ठेवला. मला मात्र एकदाच वाटलं, की मी आपण होऊन फुटावं आणि या बाईला मोकळं करावं. लाकडाला तेवढंही स्वतःहून जमत नाही.

मिस्त्री आला तो जवळच्या गास गावचा टोनी. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, हातात कटर मशीनची पिशवी. त्यानं विमलाला नमस्कार केला. परेशनं आईला दंडाला धरून उठवलं. ती उठली, कारण चार दिवसांनी तिच्यात भांडायचं बळ राहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टोनीनं मशीन लगेच काढलं नाही. पिशवीतून फुटक्या स्पीकरचं एक लोहचुंबक काढलं, दोरीला बांधलेलं. जुनं लाकूड कापायच्या आधी खिळे शोधायचे, ही त्याची पद्धत, नाहीतर पातं जातं. त्यानं ते माझ्या कोपऱ्यांवरून फिरवलं. मग कडांवरून. मग झाकणावरून, तळाकडून, पुन्हा कोपऱ्यांवरून. चुंबक कुठेच चिकटलं नाही. माझी कडी पितळी, बिजागऱ्या पितळी.

"परेशभाय," टोनी म्हणाला, "ह्यात एकपन खिळा नाय."

"मग काय झालं? कापायला सोपं."

"आवो, खिळा नाय, स्क्रू नाय, मग हा उभा कशावर हाय?"

तो खाली बसला. पटाशीनं माझ्या कोपऱ्यावरचा चॉकलेटी रंग खरवडला. त्याच्याखाली तांबडा आला, त्याच्याखाली पुट्टी, त्याच्याखाली शांतारामचं मेण. सगळ्यांची माया एकेक थरानं निघत होती. आणि त्याखाली, करंगळीएवढी, लाकडाची पाचर. टोनीनं दुसरा कोपरा खरवडला, तिथंही पाचर. एका कोपऱ्याला चार, चार कोपऱ्यांना सोळा.

"काकी, हिकडं बघा," तो ओरडला. "तुमचा पेटारा सुटतो! कापायचा नाय, खोलायचा. कुनी झाकल्या ह्या पाचरी?"

कुणी झाकल्या, ते परेशच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. त्याच्या लग्नातला रंग अजून टोनीच्या पटाशीला चिकटलेला होता.

टोनीनं लाकडी मोगरीनं आतून दोन हलके ठोके दिले आणि पहिली पाचर बाहेर आली. दुखलं का, म्हणाल तर नाही. फार दिवस रोखून धरलेला श्वास सुटला, एवढंच. सांध्यातून सुकेळीचा वास आला, असा दाट की समोरच्या इमारतीतल्या बाईनं खिडकी उघडून विचारलं, "काय केलंय हो आज?" टोनीनं ती पाचर विमलाच्या तळहातावर ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. तिनं पदराची झोळी केली आणि सोळाही त्यात झेलल्या.

बाजू सुटून निघाल्या तेव्हा सांध्यांच्या आत पटाशीनं कोरलेल्या खुणा दिसल्या. एका कोपऱ्याच्या दोन्ही तोंडांना एकेक रेघ, दुसऱ्याला दोन-दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. आर्या मोबाईलचा दिवा लावून वाकली. "नाव आहे का? तारीख?" नाव नव्हतं, तारीख नव्हती. कुठल्या गावचा, कुणाच्या हातचा, काही नाही. फक्त रेघा.

"ह्या कशाला असतात?" तिनं विचारलं.

"परत जोडायला," टोनी म्हणाला. "एकला एक, दोनला दोन. लिवता-वाचता नाय आला तरी जमंल. ज्यानं हा बांधला ना, त्याला पक्का ठाव व्हता, ह्याला एक दिवस घर सोडायचं हाय. सोडता येईल असाच बांधलाय त्यानं."

मी तीनशे वर्षांचा की ऐंशी वर्षांचा, फिरंग्याचा की गलबताचा, ते मला अजूनही कळलं नाही. पण त्या क्षणी मला माझ्या बापाविषयी एक गोष्ट कळली, आणि ती मला पुरते. त्याला माझी काळजी होती.

विमला पदरातल्या पाचरींकडे बघत होती. मग म्हणाली, "मला नाही कुणी असं बांधलं." आणि रडू लागली. या वेळी झाकण नव्हतं, सगळ्यांसमोर रडली. परेश तिच्या शेजारी खाली बसला. "आई, चुकलो गं," म्हणाला. ती म्हणाली, "तू एकटा नाही रे. आम्ही सगळ्यांनीच रंग लावला." थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "जिन्याला कठडा आहे ना अजून?"

माझे सहा तुकडे एकेक करून खाली गेले. झाकण शेवटी गेलं. पुढे टोनी, मागे परेश, आणि मधे, एक हात कठड्यावर आणि एक हात माझ्या झाकणावर ठेवून, विमला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पाय सटकला होता त्या पायरीआधी, ती थांबली. टोनी म्हणाला, "काकी, घाई नाय." परेश म्हणाला, "मी झाकण धरलंय, आई." त्याला ठाऊक नव्हतं तो कुणाचं वाक्य बोलतोय. मला ठाऊक होतं, विमलाला ठाऊक होतं. ती उतरली. खाली पोचल्यावर पार्किंगच्या फरश्यांवर एका जागी जरा उभी राहिली. तिथं विहीर होती.

आता मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये परेशच्या पलंगामागे भिंतीला टेकून उभा आहे. सहा तुकडे, सुतळीनं बांधलेले. इथं मला जोडून ठेवायला जागा नाही. नवी इमारत तीन वर्षांत होईल म्हणतात. अडकलोय म्हणाल तर अजूनही अडकलोच आहे, आणि पूर्वी निदान पेटारा म्हणून अडकलो होतो. या फ्लॅटला लिफ्ट आहे. विमला रोज संध्याकाळी खाली जाते, बाकावर बसते, भाजीवाल्याशी हुज्जत घालून वर येते. तिच्या पायांचा आवाज ऐकला की मला माझी अडचण थोडी कमी वाटते.

सोळा पाचरी तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. दुपारी डबा उघडून मोजते आणि पलंगामागे वाकून मला सांगते, "आहेत सगळ्या." परवा आर्याला समोर बसवून तिनं रेघा शिकवल्या. एकला एक, दोनला दोन. "मी असेन की नसेन," म्हणाली. आर्या म्हणाली, "आजी, असं नको ना बोलू," पण शिकली.

तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणीतरी असेल, जड, अवघड, दारातून जात नाही म्हणून सगळे वैतागलेले. करवत काढायच्या आधी एकदा लोहचुंबक फिरवून बघा, एवढं तुमच्याकडे मागणं. आणि परेश, विनिता, आर्या, तुमच्याकडे एकच. मला पुन्हा जोडाल तेव्हा दसऱ्याला पुसा, खोबरेल चोळा, हवा तो रंग द्या, मला कौतुक आवडतं. फक्त त्या सोळा जागा उघड्या राहू द्या.